पहिला भरलेला रकाना

धोंडीराम हावळने आयुष्यात एक नियम लिहिला होता, जेमतेम चार ओळींचा, आणि त्या चार ओळींवर राज्यातली तेरा कोटी माणसं नांदत होती. त्याला या गोष्टीचा अभिमान होता. असायला हरकतही नव्हती. लोक हजार पानांची पुस्तकं लिहितात आणि घरची माणसंही ती वाचत नाहीत. याच्या चार ओळी न वाचताच सगळे पाळत होते.

तो अभिमान कोल्हापूरच्या एका इस्पितळात, मूत्रपिंड विभागाच्या सात नंबरच्या खिडकीवर संपला. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास.

"पेशंटशी नातं?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"मुलगा."

बाईंनी पडद्यावर पाहिलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. "दादा, या आजींना मूलबाळ नाही."

"मी समोर उभा आहे की!"

"तुम्ही उभे आहात. पण एकनोंदीत नाही." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. शेवंता हावळ, वय त्र्याहत्तर. अपत्य : निरंक. "आणि तुमच्या नोंदीत आई म्हणून हौसाबाई बुगड यांचं नाव आहे. या कोण?"

"शेजारीण," धोंडीराम म्हणाला, आणि पडद्यावरचं ते नाव त्याने पुन्हा वाचलं.

शेवंताच्या दोन्ही किडन्या चार वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन ती जगत होती. पण त्या यंत्राला जोडायला शीर लागते, आणि तिच्या दोन्ही हातांच्या शिरा आता वापरून वापरून बुजल्या होत्या. मांडीतली एक उरली होती. डॉक्टरांनी हिशेब सरळ सांगितला होता, दीड महिना, फार तर दोन. धोंडीरामची किडनी तिला जुळत होती. वय सेहेचाळीस, साखर नाही, दाब नाही. पण अवयवांच्या बाजाराचं मोठं लफडं झाल्यापासून कायदा कडक होता. जिवंत माणसाचा अवयव फक्त जवळच्या नातेवाइकाचा घेता येई, आणि नातं तेच, जे एकनोंद सांगेल.

एकनोंद म्हणजे धोंडीरामच्याच खात्याचं बाळ.

ते काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. एका माणसाचे कागद सरकारदरबारी चाळीस ठिकाणी पडलेले असतात. लशीचं कार्ड, शाळेचा दाखला, रेशन, मतदारयादी, नोकरी. प्रत्येकात थोडं लिहिलेलं, थोडं कोरं, आणि जे लिहिलेलं ते एकमेकांशी भांडणारं. नवं यंत्र हे सगळे कागद वाचू शकत होतं, अगदी पन्नास वर्षांपूर्वीच्या नर्सबाईचं किरटं अक्षरसुद्धा. वाचून झालं की ते माणसागणिक गट पाडी. गटातले कागद तारखेने लावी, सगळ्यात जुना सगळ्यात वर. मग एकेका रकान्यावरून वरून खाली बोट फिरवल्यासारखं जाई. रकाना कोरा असला की पुढे. पहिला भरलेला सापडला की तिथेच थांबायचं. त्याच्याखाली काय लिहिलंय ते बघायचंसुद्धा नाही. वर सापडलेला तो शब्द त्या माणसाचा, कायमचा.

"पहिलाच का? शेवटचा का नको?" असं सचिव केळुसकरबाईंनी भर बैठकीत विचारलं होतं.

धोंडीरामने तेव्हा एका गृहस्थांचे कागद दाखवले होते. शाळेत एक जन्मतारीख, नोकरीत दुसरी, निवृत्तीच्या वेळी तिसरी. "माणूस शहाणा होत जातो मॅडम, तसा त्याचा कागद खोटा होत जातो," तो म्हणाला होता. "पहिला कागद होतो तेव्हा यातून पुढे काय मिळणार हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून तो खरा." बैठक हसली होती, माना डोलल्या होत्या. दहा लाख गटांवर चाचणी झाली, हजारी नऊशे चौऱ्याण्णव उत्तरं बरोबर आली. उरलेल्या सहांना अहवालात धोंडीरामने 'नगण्य' असा शब्द वापरला. तेरा कोटींत हजारी सहा म्हणजे पावणेआठ लाखांच्या वर माणसं होतात, पण हा गुणाकार करायला कोणी बसलं नाही. तोही बसला नाही. दोन वर्षं यंत्र चालू होतं आणि या शहाण्याने स्वतःची नोंद एकदाही उघडून पाहिली नव्हती.

खिडकीपासून बाजूला होऊन त्याने केळुसकरबाईंना फोन लावला. रक्ताची चाचणी करून घेतो म्हणाला, आजच्या आज.

"धोंडीराम, रक्ताची चाचणी ग्राह्य धरू नये हे तुमचंच कलम आहे," बाई म्हणाल्या. "दत्तक मुलांवर अन्याय होतो म्हणून. आणि ते बरोबरही होतं."

"एक अपवाद करा मॅडम. माझी आई आहे हो."

बाई वाईट नव्हत्या. "तुमचंच टिपण समोर आहे. 'अपवाद हा मागचा दरवाजा असतो, तो ओळखीच्या माणसालाच सापडतो.' तुमचं वाक्य आहे. मंत्र्यांनी ते विधानसभेत वाचून दाखवलंय. आता तुमच्यासाठीच दरवाजा उघडू?" मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुरुस्तीचा मार्ग आहे ना? दोघींचे आवाज घ्या. चार मिनिटांचं काम आहे."

होता खरा मार्ग. पहिली नोंद ज्याच्या सांगण्यावरून झाली, त्याने स्वतःच्या तोंडाने ती मागे घ्यायची. पण तेवढ्याने भागत नसे. नाहीतर म्हातारे आईबाप दुसऱ्याच्या गळ्यात मारायला लोकांनी कमी केलं नसतं. म्हणून ज्याचं नाव त्या जागी यायचं, त्यानेही स्वतःच्या तोंडाने नातं सांगायचं. 'धोंडीराम माझा मुलगा आहे.' एवढंच. हेही कलम त्याचंच.

चार मिनिटांचं काम, असं मनाशी घोकत तो इचलकरंजीला गेला.

त्याची गल्ली पूर्वी मागांच्या खडखडाटाने हलायची. बाप मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर होता, आणि शेवंता नि शेजारची हौसाक्का दारात बसून दिवसभर कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसतात त्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. आता माग माणसांवाचून चालत होते आणि गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू येत होतं. हौसाक्का अठ्ठ्याहत्तरची झाली होती. एकटीच राहत होती. तिची चारही पोरं जगली, वाढली आणि चार दिशांना गेली.

"ये ये, धोंडी!" तिने जोत्यावर पोतं अंथरलं. "दर म्हैन्याला साखरेच्या औषधाचा डबा येतोय बघ दारात. वर लिवलेलं असतंय, मुलाच्या नावे. गल्लीत दावलं सगळ्यांस्नी. म्हटलं, धोंडी इसरला न्हाई."

धोंडीरामने कधी काही पाठवलं नव्हतं. यंत्राने पाठवलं होतं. सरकारी नोकराच्या आईला औषध घरपोच होतं, आणि आई कोण ते यंत्राला ठाऊक होतं. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. हौसाक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "लशीच्या कार्डावर व्हय? आता गं बया."

"तू का सांगितलंस तसं?"

"सांगाय लागलं. तुझ्या आईची दोन गेली हुती तुझ्या आधी. एक बाराव्या दिशी, एक तीन म्हैन्याचं. माझी समदी जगत हुती. म्हणून तू झालास त्या पाचवीलाच, सांच्यापारी, सटवाई लिवाय यायच्या आधी तिनं तुला माझ्या ओटीत टाकला. मूठभर जोंधळं घेतलं माझ्याकडनं. इकलाच म्हण की! नावबी तसलंच ठेवलं, धोंड्या, म्हंजे कुणाची नदर नको पडाय." तिने पदराने तोंड पुसलं. "दीड म्हैन्यानं लशीची बाई आली. तू माझ्या मांडीवर. आईचं नाव काय म्हणाली. शेवंता दाराआड हुती, हात जोडून बघत हुती माझ्याकडं. म्हटलं, मीच."

हे धोंडीरामला ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्याला दिलं होतं एवढं ठाऊक होतं. पण तो पोरखेळ असेल असं तो धरून चालला होता. असल्या मुलांना पाच वर्षांनी खण-नारळ आणि पायलीभर जोंधळे देऊन परत विकत घेतात. आपल्यालाही घेतलं असेल.

"न्हाई घेतलं," हौसाक्का म्हणाली. "घेणार हुती. सामान आणून ठेवलं हुतं. त्याच हप्त्यात तुझ्या डोस्क्यात ताप गेला. सात दिवस डोळं उघडलं न्हाईस. वाचलास, तवा मला म्हणाली, अक्का, ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. ते जोंधळं तसंच ठेवलं, किडं पडस्तवर."

लहानपणाच्या कितीतरी गोष्टी धोंडीरामपुढे एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. शेवंताने त्याला जेवू घातलं, न्हाऊ घातलं, रात्र रात्र कांड्या भरून शिकवलं. पण 'आई' म्हणून हाक मारली तर तिने एकदाही 'ओ' दिली नाही. हातातलं काम करत राहायची. कोणी विचारलं, हा कोण, तर म्हणायची, हौसाक्काचं पोर. त्याच्या लग्नात वरमाई म्हणून हौसाक्का बसली होती आणि शेवंता भातावर देखरेख करत मागे उभी होती. त्या दिवशी त्याला तिचा इतका राग आला होता की त्याने पुण्यात घर केल्यावर दोन वर्षं तिला बोलावलं नाही.

हौसाक्काने आवाज द्यायला जराही आढेवेढे घेतले नाहीत. त्याने आवाज घ्यायचं यंत्र पुढे केलं, ती त्यात देवळात बोलावं तशी हळू बोलली. "धोंडीराम माझ्या पोटचा न्हाई. मी खोटं सांगितलं हुतं." हिरवा दिवा लागला.

"औषधाचा डबा बंद होईल, अक्का. मी पाठवत जाईन."

"पाठव, न्हाईतर नको पाठवू." ती उठून चुलीकडे वळली. "माझी चार पोरं, एकाचा फोन न्हाई. कागदावरचं का असंना, एक आठवण ठेवून हुतं म्हणायची मी."

इस्पितळात शेवंता खाटेवर उशाला टेकून बसली होती. मांडीतल्या नळीतून तिचं रक्त यंत्रात जात होतं आणि धुऊन परत येत होतं. धोंडीरामने तिला सगळं समजावलं आणि आवाजाचं यंत्र चादरीवर ठेवलं, काडेपेटीएवढं.

"एवढंच म्हणायचं. धोंडीराम माझा मुलगा आहे."

तिने यंत्राकडे पाहिलं. "कोण ऐकतंय ह्यातनं?"

"कोणी नाही. यंत्र आहे."

"ऐकणारं असतंय," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

त्याने आधी समजूत घातली, मग विज्ञान सांगितलं. मुलं तेव्हा का दगावायची, बाळंतिणीच्या खोलीत जंतू कसे असायचे, आपण जगलो ते लशीने आणि तिच्या दुधाने. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दूध दोघांस्नीबी पाजलं हुतं," ती म्हणाली. "ती का गेली?"

"आई, सटवाई वगैरे काही नसतं."

"मग तुझ्या हापिसात काय हाय? पयलं लिवलेलं पुसत न्हाई म्हणालास न्हवं आता?" शेवंताने त्याच्याकडे सरळ बघितलं. "तसंच हाय हे. पाचवीला सटवाईनं लिवलं, हौसाचं पोर. तिनं हौसाचं म्हणून तुला सोडलं. तुझं यंतर आन ती एकच बोलतात. मीच तेवढी मधी पडून खोटी पाडू?"

धोंडीरामचा तोल गेला. शेजारच्या खाटांवरची माणसं बघायला लागली तरी त्याला भान राहिलं नाही. "सेहेचाळीस वर्षं! एकदा म्हणाली नाहीस. शाळेत नाही, लग्नात नाही. माझी पोरगी झाली तेव्हा नाही. आता जीव जातोय तुझा, आता तरी म्हण!"

"तू जिता हाईस न्हवं?"

"आणि तू?"

"माझं त्र्याहत्तर झालं."

"किडनी काढली म्हणून मी मरत नाही!"

"कापणार तुला," शेवंता म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "टेबलावर निजवणार, पोट फाडणार. आन नेमकं त्याच येळी मी वरडून सांगू व्हय, की हे पोर माझं हाय, ये आन ने म्हणून? दोन नेलीत तिनं. माझ्या तोंडानं तिसरं दावणार न्हाई मी."

नऊ दिवस त्याने तरीही बोलून पाहिलं. डॉक्टर बोलले, सून बोलली, खुद्द हौसाक्का टॅक्सी करून आली आणि खाटेवर बसून रडली. "अगं, मी परत दिला तुला! घे की!" शेवंता तिचा हात हातात घेऊन थोपटत राहिली, जणू हौसाक्काच आजारी होती.

दहाव्या दिवशी धोंडीरामने चोरी केली. त्याच्या फोनमध्ये तिचे नऊ वर्षांचे निरोप साठवलेले होते. आवाजाचे तुकडे जोडून वाक्य करणं त्याच्या डाव्या हातचा मळ होता. इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून त्याने सगळे निरोप ऐकले. 'माझा' सापडला, 'माझा गुडघा दुखतोय' मधला. 'मुलगा' सापडला, कुणा भटजींच्या मुलाबद्दल बोलताना. 'धोंडीराम' मात्र कुठेच नव्हतं. ती पूर्ण नावाने कधी बोललीच नव्हती. 'धोंडी' होतं, 'राम राम' होतं. त्याने तेही जोडलं. वाक्य तयार झालं आणि त्याने ते डोळे मिटून तीनदा ऐकलं. आपली आई हे कसं म्हणाली असती, ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तो व्हरांड्यात हुंदके देऊन रडला.

मग त्याने ते यंत्राला ऐकवलं. लाल दिवा. 'जिवंत आवाज आवश्यक.' बनावट आवाज ओळखायला यंत्राला त्यानेच शिकवलं होतं, आणि शिकवण्यात त्याने कधी हयगय केली नव्हती.

पाचव्या आठवड्यात मांडीतली शीरही बुजली. रक्त धुण्याचं यंत्र सुटलं. अंगावर सूज चढली आणि शेवंता दिवसाचा बराच वेळ झोपेत राहू लागली. एका दुपारी तिने डोळे उघडले. बाकीच्या खाटा जेवणानंतर निजल्या होत्या. तिने त्याला जवळ बोलावलं, चादरीवर चाचपून पाहिलं.

"ते यंतर बंद हाय?"

"बंद आहे." खरोखरच बंद होतं. कोणी ऐकत नव्हतं, कायदा नाही, खातं नाही. आता म्हणेल. कागदासाठी नको, निदान त्याच्यासाठी म्हणेल. तो वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला.

तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"जेवलास?"

"नाही."

"हौसाक्काकडं जा," शेवंता म्हणाली. "म्हणावं, तुझ्या पोराला जेवाय वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती गेली. ते तिचे शेवटचे शब्द ठरले. धोंडीरामला कळत होतं की यापेक्षा मोठ्याने कोणी कोणाला माझा म्हटलं नसेल. कळत होतं, आणि तरी त्याला तिला गदागदा हलवून जागं करावंसं वाटत होतं.

देह इचलकरंजीला आणला. नदीकाठच्या स्मशानात आता गॅसदाहिनी होती, आणि दाहिनीच्या दाराशी एक पडदा. मृताची नोंद उघडल्याशिवाय दार उघडत नसे. मागे हौसाक्का शेजारच्या एका पोरीच्या खांद्याला धरून उभी होती, गल्लीतली दहाबारा माणसं होती. सगळ्यांना ठाऊक होतं तो कोणाचा ते.

शेवंता हावळ. पती : मृत. अपत्य : निरंक. खाली प्रश्न होता, देह ताब्यात घेणाऱ्याचं मृताशी नातं. पर्यायांची मोठी यादी होती. मुलगा, मुलगी, नातू, भाऊ, भाचा, सगळी अक्षरं फिकी, बोट लावलं तरी न दबणारी. नोंदीत नसलेलं नातं निवडता येऊ नये, ही सोय कोणाच्या डोक्यातून निघाली होती ते वेगळं सांगायला नको. यादीच्या तळाशी दोनच पर्याय ठळक होते. 'सेवाभावी संस्था' आणि 'शेजारी'.

"काय झालं रं? अडलं काय?" मागून हौसाक्काने विचारलं.

"काही नाही," धोंडीराम म्हणाला.

त्याने 'शेजारी' दाबलं. दार लगेच उघडलं. आईचा देह आत सरकला, दार लागलं आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. शेजारधर्म पाळल्याबद्दल शासन आपलं आभारी आहे. आपली नोंद पूर्ण झाली.